अरुंद पोटाची

फ्रुंझे, १४ ऑक्टोबर १९६६

झुराकान एजे,

आधी सगळ्यांना सलाम. बेक्तेमिर भावजींना, तुझ्या सासूबाईंना, आपल्या आईला, आपाला, आणि तिच्या त्या न जुळलेल्या कमरेच्या हाडालासुद्धा. तुझी धाकटी बहीण बरी आहे. बरी म्हणजे जिवंत आहे.

दुसरं वर्ष सुरू झालं आणि शरीररचनेने माझा गळाच धरला. पहिल्या वर्षी हाडं होती. हाडांचं बरं असतं, हातात धरता येतात, पिशवीत घालून वसतिगृहात आणता येतात. आता अन्नमार्ग आलाय. तोंडापासून थेट शेवटापर्यंत, आठ मीटर, आणि त्यातल्या बोट बोट जागेला एक लॅटिन नाव, एक रशियन नाव. आपल्या किरगिझ भाषेत त्याला काय म्हणतात ते मला येतं, पण ते इथे कोणी विचारत नाही. एका मृतदेहाभोवती आम्ही सहा जण असतो. बाकीचे पाच कोपरापर्यंत हात घालतात, मी त्यांच्या पाठीमागून बघते. तुला आठवत असेल, हिवाळ्याआधी सोगुमचा, हिवाळाभर पुरवायच्या मांसाचा घोडा कापला की तुम्ही बायका आतडी धुवायला बसायचात आणि मी नाक दाबून कुंपणापलीकडे पळायचे. आता कुठे पळू?

एक गंमत सांगते. माझी खोलीतली मैत्रीण ल्युबा म्हणाली, "माझ्याकडे शहराचा कार्ता आहे, बघायचा का?" मी म्हटलं, "कच्चाच आहे की उकडलाय?" रशियनमध्ये कार्ता म्हणजे नकाशा, एजे! आणि मी आपली घोड्याच्या जाड आतड्याची वाट बघतेय. सगळं वसतिगृह दोन दिवस हसत होतं.

पण परीक्षेचं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. तीस नोव्हेंबरला तोंडी आहे. आमच्या बाई, वेरा पाव्लोव्हना, त्यात नापास झालेल्यांना ठेवत नाहीत. मला सरळ बसमध्ये बसवून गावी पाठवतील. म्हणून तू मला लिही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हाताला काय लागतं आणि कसं ओळखायचं ते. तुझ्यासारखं ते कोणाला येत नाही.

सोबत फोटो पाठवतेय. कोट मला खांद्यात जरा मोठा होतो.

तुझी कुमुशाय


सारी-बुलुंग, २९ ऑक्टोबर १९६६

कुमुश,

फोटो मिळाला. आपाने तो उशीखाली ठेवलाय. मी बघायला मागितला तर म्हणाली, "आधी हात धुऊन ये." कोट खांद्यात मोठा होणारच, तो माझ्या मापाचा आहे. सामूहिक शेतीच्या अध्यक्षांनी डॉक्टरकीला पाठवायच्या कागदावरचं माझं नाव खोडून वर तुझं लिहिलं तेव्हा तू तिथे नव्हतीस, मी होते. "घर तेच, आडनाव तेच, नवा कागद कशाला मागवायचा?" असं म्हणाले. आपा त्या वर्षी घोड्यावरून पडली नसती, किंवा पडल्यावर तिला उचलून बसवायला दुसरं कोणी असतं, तर आज मी त्या मृतदेहापाशी उभी असते आणि पाठीमागून बघत नसते. हे मी जळून लिहीत नाही. जळून लिहिलं असतं तर कागद काळा झाला असता.

आता ऐक. डोळे मीट आणि हात थंड पाण्यात आहेत असं समज.

मानेत दोन नळ्या लागतील. पुढची कड्याकड्यांची आणि टणक, ती श्वासाची. तिच्या मागची मऊ, चपटी, ती लाल नळी, घासाची. ती रिकामी असली की मिटलेली असते, म्हणून नवशिकी बाई ती सोडून देते. ती धरून खाली आलीस की पोट. मेंढीचं सांगते, माणसाचं तू ताडून बघ. मेंढीच्या पोटाचे चार कप्पे. पहिला मोठा, आतून टर्किश टॉवेलसारखा. दुसरा जाळीचा. तिसरा थराथरांचा, त्याला धुताना जीव जातो. चौथा तेवढा खरा, गुळगुळीत आणि बुळबुळीत. त्याच्या शेवटाला दार असतं. बोटाला कडक वळं लागलं की समज, दार आलं.

दारापुढे बारा-बोटी आतडं. बारा बोटं म्हणजे बोटांची रुंदी, आडवी ठेवून मोजायची. गेल्या वर्षी आपल्या शाळेच्या मास्तरीणबाईने उभी मोजली आणि मेंढी हत्ती झाली. हे आतडं कोकरू कुशीत घेतल्यासारखं गोल वळतं, आणि पित्ताने हिरवं झालेलं असतं. तिथून बारीक आतडं. त्यात वरचं आणि खालचं असे दोन प्रकार, ते मात्र फक्त हातालाच कळतात. वरचं जाड, लालसर, बहुतेक रिकामं. खालचं पातळ, फिकट, आणि त्याच्या पडद्यावर चरबी जास्त. मग आंधळं आतडं, एका बाजूने बंद. आणि मग जाड. घोड्याच्या जाड आतड्यावर फितींसारखे पट्टे जातात, मेंढीच्या नाही. माणसाच्या जातात का? बघून लिही. मला हे कधीपासून जाणून घ्यायचंय. आणि विचारायचं कोणाला, तर तुला!

इकडे सगळं ठीक. सासूबाई म्हणतात, मी जेवायला बसते आणि ताटात हात फिरवून उठते. कंपाउंडर उन्हाळ्यापासून सोडा देतोय. ते जाऊ दे. अभ्यास कर.

झुराकान


फ्रुंझे, ४ डिसेंबर १९६६

एजे,

माझं हसं झालं, आणि ते तुझ्यामुळे.

तीस तारखेला वेरा पाव्लोव्हनांनी विचारलं, जठराची रचना सांगा. मी तुझं पत्र तोंडपाठ केलं होतं. मी सुरू केलं: मोठा कप्पा, जाळीचा कप्पा, थरांचा. तिसऱ्या कप्प्यावर आले तेव्हा त्या म्हणाल्या, "विद्यार्थिनी, आपण जेवणानंतर रवंथ करता का?" सगळा वर्ग लोळला. ल्युबा तर बाकाखाली गेली. माणसाला एकच पोट असतं, एजे. एकच! तू सरळ लिहायला हवं होतंस.

आता तू म्हणशील, मी लिहिलं होतं, ताडून बघ. ते तू कसं लिहिलंस? कप्प्यांच्या गर्दीत, हळूच. मला माहीत आहे तू का तसं केलंस. तुझं पोट पहिल्यापासूनच अरुंद, दुसऱ्याचं बरं झालेलं त्यात मावतच नाही. आपाने मला नवे बूट घेतले होते तेव्हाही तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. माझं काही चांगलं झालं की तुझ्या पोटात दुखतं. गावात सगळे हेच म्हणतात, मी फक्त लिहितेय.

पण ऐक, रडगाणं इथे संपत नाही. वेरा पाव्लोव्हनांनी मला तीन तारखेला पुन्हा बोलावलं आणि मृतदेहापुढेच उभं केलं. "दाखव," म्हणाल्या. मग मी डोळे मिटले आणि हात घातला. खरंच सगळं मिळत गेलं! मिटलेली नळी मिळाली. कडक वळं मिळालं. बारा-बोटी कुशीसारखं वळलेलं होतं. वरचं आणि खालचं बारीक आतडं मी डोळे न उघडता वेगळं करून दाखवलं, आणि वेरा पाव्लोव्हना म्हणाल्या, तेवीस वर्षांत हे दुसऱ्या वर्षाच्या कोणी केलं नव्हतं. पैकीच्या पैकी गुण दिले. "हे कुठे शिकलीस?" असं विचारलं. मी म्हटलं, "घरी." हे काही खोटं नाही.

जाड आतड्यावर पट्टे आहेत. तीन.

जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा माणूस आला होता. आपल्या खोऱ्यातल्या मुलींवर काहीतरी लिहितोय.

कुमुशाय


सारी-बुलुंग, ९ जानेवारी १९६७

कुमुशाय,

वर्तमानपत्र आलं. पोस्टमनने आपल्याकडे द्यायच्या आधी सगळ्या गावाला वाचून दाखवलं. आपाने आमच्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा माझ्याकडून. मी मोठ्याने वाचलं: "लहानपणापासून आतडी धुता धुता मला शरीरशास्त्राची गोडी लागली, असे कुमुशाय हसून म्हणाली."

कोणाला लागली? तुला? तू कधी एक हात पाण्यात घातलास? कुंपणापलीकडून ओरडायचीस, "झालं का, झालं का?" आणि आतडी भरून, उकडून ताटात आली की सगळ्यात आधी पुढे बसायचीस. माझ्या नखांत ती चरबी आहे, कुमुश, अकरा वर्षांची असल्यापासून. या हिवाळ्यात सोळा घरांचा सोगुम माझ्या हाताखालून गेला. पाणी इतकं गार की बोटं आपली आहेत की मेंढीची ते कळत नाही. मी तशी कोपरापर्यंत पाण्यात बसलेली, आणि शेजारची उल्कान माझ्या डोक्यावर उभी राहून दुसरीला सांगतेय, "कुमुशायचे हात म्हणजे सोनं गं, सोनं! वर्तमानपत्रात आलंय." मी मान वर केली नाही. वर केली असती तर समोरची पाण्याची बादली तिच्या अंगावर गेली असती.

"घरी शिकले" म्हणालीस. घर म्हणजे काय, भिंत आहे? चूल आहे? घराला नाव नाही का? चार अक्षरं आहेत माझ्या नावात. वर्तमानपत्रात तेवढी जागा होती. बाजूला ट्रॅक्टरचा केवढा मोठा फोटो आहे!

चार कप्प्यांचं म्हणशील तर माझं पत्र पुन्हा वाच. पोटाच्या जागी "मेंढीचं सांगते" हेच पहिले शब्द आहेत. मी तुझं वाईट केलं नाही. मनात आलं असेल. केलं नाही.

आणि एक. उन्हाळ्यापासून माझं पोट अरुंद झालंय, दिवसेंदिवस जास्तच. काही उतरत नाही. बेक्तेमिर हौसेने काही आणतो, तेही नाही. आता तू शिकलेली आहेस, म्हणून तुला सांगते. काय करावं ते लिही.

झुराकान


फ्रुंझे, २५ जानेवारी १९६७

माझ्या लाडक्या एजे,

तुझं पत्र हातात घेऊन मी रडले. सुरुवातीचं वाचून रागाने रडले आणि शेवटचं वाचून मायेने. तू, तू स्वतःच्या हाताने लिहिलंस की तुझं पोट अरुंद झालंय! मी तुला ओळखते, तुला हे एक वाक्य लिहायला तीन पत्रांइतका वेळ लागला असेल. बेक्तेमिर भावजींनी आणलेलं काही गोड लागत नाही, इथपर्यंत हे गेलं असेल असं मला वाटलं नव्हतं. ल्युबाला मी सगळं भाषांतर करून सांगितलं. ती म्हणाली, "तुझी बहीण थोर मनाची आहे. हेवा सगळ्यांनाच वाटतो, कबूल कोण करतं?"

मी तुला माफ केलं. कप्प्यांचंही केलं.

काय करावं असं विचारतेस. मला जे सुचतं ते सांगते. दुसऱ्याचं चांगलं झालेलं दिसलं की ते मोठ्याने बोलून टाकायचं. रोज एकदा. "उल्कानची गाय व्याली, छान झालं." "कुमुशला चांगले गुण मिळाले, छान झालं." पहिल्यांदा घशात अडकेल, मग हळूहळू उतरायला लागेल. आणि मनातलं साठवून ठेवू नकोस, साठवलं की कुजतं.

आता मीही कबूल करते, म्हणजे तू एकटी पडणार नाहीस. मलाही तुझा हेवा वाटतो. आपा कोणाकडून तरी मला पत्र लिहून घेते तेव्हा दहा ओळींत नऊ तुझ्या असतात. झुराकानने मला उन्हात बसवलं, झुराकानने पाठ चोळली, झुराकानच्या हातच्या शेवयांशिवाय घास जात नाही. मी माणसाचं सगळं पोट पाठ केलं तरी आपाच्या पोटात तुझ्याच हातचं जातं. ल्युबाची आई दर रविवारी येते, आणि मी खिडकीत उभी राहून त्यांना बघते. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

वर्तमानपत्राचं विसर. त्या माणसाने ते स्वतःच्या मनाने लिहिलं. बरंचसं.

तुझी, तुझीच कुमुश


सारी-बुलुंग, ११ फेब्रुवारी १९६७

कुमुशाय,

पत्र मिळालं. तू अगदी बरोबर ओळखलंस. डॉक्टर झालीस.

तुझं औषध सुरू केलंय. रोज म्हणते. उल्कानची गाय व्याली, छान झालं.

आपा बरी आहे, काठी घेऊन दारापर्यंत येते. बेक्तेमिर माझ्यावर चिडलाय, कारण सोगुमचं मांस अजून तसंच टांगलेलं आहे, घरात खाणारं माणूस कमी झालं म्हणतो. जिल्ह्याच्या गावी जाऊ या म्हणतो. मी नको म्हटलं. माझी बहीण डॉक्टर आहे, तिने सांगितलंय मला काय झालंय ते.

तुझा अभ्यास असेल. पत्र नाही लिहिलंस तरी चालेल.

झुराकान


फ्रुंझे, २ एप्रिल १९६७

एजे,

हे पत्र मिळण्याआधी तार मिळाली असेल. तारेत लिहिलंय तेच पुन्हा लिहिते: निघ. आजच्या आज, जी बस मिळेल तिने. बेक्तेमिर भावजींना मी वेगळी तार केली आहे, तू माझी लपवशील म्हणून.

काय झालं ते सांगते. आमच्या विद्यालयात बरण्यांची खोली आहे. आजारी अवयव बरण्यांत भरून ठेवलेत. त्यांचं पाणी बदलायला ओरोझाली आबा आहेत. आधी मेंढपाळ होते, पाय गेला आणि इथे लागले. काल मी वही घेऊन तिथे गेले तेव्हा त्यांनी एका मोठ्या बरणीचं झाकण उघडलं होतं आणि आतलं दोन्ही हातांनी बाहेर काढलं होतं. खोगिराच्या पिशवीएवढं जठर. मी विचारलं, "आबा, हे घोड्याचं का?"

"माणसाचं आहे, पोरी. बाईचं. पोट अरुंद होऊन मेली बिचारी."

मला हसू आलं. मी म्हटलं, "आबा, हेव्याने कोणी मरतं का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं मी काहीतरी घाण बोलले. "हेवा कुठला आणलास मध्येच? दार अरुंद झालं. हे खालचं दार. जुना व्रण होता, तो भरताना दार आवळत गेलं. हे बघ, माझी काडी जात नाही यातून. खाल्लेलं उतरत नाही, वरच साठतं, साठून हे असं फुगतं, आणि खाली माणूस उपाशी. आमच्याकडे डोंगरात याला पोट अरुंद होणंच म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात?"

बरणीवर लॅटिन चिठ्ठी होती. ते नाव मला नोव्हेंबरपासून पाठ आहे. कारणं पाठ आहेत, लक्षणं क्रमाने पाठ आहेत. रशियनमध्ये विचारलं असतं तर झोपेतून उठून सांगितलं असतं. तू मला आपल्या भाषेत सांगितलंस आणि मी तुला माफ केलं!

काय करावं ते लिही, असं तू विचारलं होतंस. मी तुला उल्कानची गाय सांगितली.

आता सांग, नाही, सांगू नकोस, लिहायला वेळ घालवू नकोस, फक्त बेक्तेमिर भावजींना सांग म्हणजे ते इथल्या डॉक्टरांना सांगतील. उलटी होते का? त्यात काल खाल्लेलं निघतं का? कुशीवर वळलीस की पोटात मशकीसारखं पाणी वाजतं का? किती वाळलीस? कंपाउंडरचा सोडा बंद कर. कोरडी भाकरी, मांस काही घेऊ नकोस. कोमट दूध घोट घोट घे, पोटात राहिलं तर.

वेरा पाव्लोव्हनांशी मी बोलले. त्यांना सगळं सांगितलं, डोळे मिटून मी जे दाखवलं ते कोणाच्या हातांचं होतं तेही. शल्यक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना त्या स्वतः भेटल्या. खाट ठेवली आहे. ये, एजे. रागाने ये, मला मारायला ये, पण ये.

कुमुश


तार
६ एप्रिल १९६७
घेऊन येतोय. उभं राहवत नाही. उद्या दुपारी स्थानकावर ये. बेक्तेमिर


सारी-बुलुंग, ३ जून १९६७

कुमुश,

आम्ही परवा पोहोचलो. बेक्तेमिरने मला बसमधून हाताने धरून उतरवलं आणि सगळं गाव बघत होतं, मला लाज वाटली. मी आता जेवते. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा, लहान मुलासारखं. काल आपाने स्वतः काठी टेकत येऊन मला शेवया केल्या. मोडक्या, जाड, कच्च्या. मी खाल्ल्या आणि त्या राहिल्या. रात्रभर वाट बघितली, राहिल्या.

बेक्तेमिर म्हणतो, आधी आभार लिही, तार आली नसती तर आठवडासुद्धा काढला नसता असं डॉक्टर म्हणाले. ते लिहायचं की नाही ते मी बाकीचं लिहून झाल्यावर ठरवीन.

दवाखान्यात तू रोज यायचीस, खाटेशेजारी बसून रडायचीस आणि माफी मागायचीस. मी डोळे मिटून पडायचे. तुला वाटलं मी रागावले आहे. ल्युबा तुला समजावत होती तेही मी ऐकलं, रशियन मला तेवढं कळतं. मी रागावले नव्हते. मला तुझी माफी ऐकवत नव्हती.

जानेवारीत मी "पोट अरुंद झालंय" असं लिहिलं ते दुसरे शब्द येत नव्हते म्हणून नाही. मी आधी सरळच लिहिलं होतं. काल खाल्लेलं आज बाहेर पडतं, वळले की पाणी वाजतं, कंबरेचा पट्टा चार भोकं आत गेलाय. सगळं, जे तू नंतर विचारलंस ते सगळं, विचारायच्या आधी. जनावराचं दार आवळलेलं मी दोनदा हाताने पाहिलंय. मला काय झालंय ते मला शरद ऋतूतच कळलं होतं. मग समोर ते वर्तमानपत्र दिसलं. आपाने घडी करून भिंतीला लावलं होतं, तू हसून म्हणालीस ते. मी तो कागद चुलीत घातला आणि दुसरा घेतला. म्हटलं, बघू या, सोन्याच्या हातांना काय कळतं ते.

तू मला माफ केल्याचं पत्र आलं. मी गोठ्यात जाऊन वाचलं. पुन्हा वाचलं. तू चुकली होतीस! जिच्यासाठी माझं नाव खोडलं तिला तिच्याच विषयातलं, तिच्याच बहिणीचं, पत्रात लिहून दिलेलं दुखणं ओळखता आलं नाही. मला इतका आनंद झाला, कुमुश, की मी भिंतीला टेकून खाली बसले. दोन महिने मी त्या आनंदावर जगले. दुसरं काही पोटात राहत नव्हतं, तो राहिला. बेक्तेमिरने दोनदा बस थांबवून ठेवली, मी चढले नाही. मेले असते तर मेले असते, पण माझं खरं ठरून मेले असते. तू आयुष्यभर माझं ते पत्र घेऊन बसली असतीस. याचाही मी विचार केला होता. मला तो विचार आवडला होता.

मी हे कोणाला सांगितलेलं नाही. बेक्तेमिरला कळलं तर तो मला आपाकडे सोडून येईल आणि त्याचं बरोबरच असेल. तुला सांगते, कारण तू माफी मागत राहशील आणि मी ती घेत राहीन, आणि ते मला या नव्या पोटानेही पचणार नाही.

आता एक विचारायचंय. नर्सने सांगितलं की माझं पोट उघडलं तेव्हा तू आत होतीस, तोंडाला फडकं बांधून भिंतीशी, शेवटपर्यंत. मला तू हे बोलली नाहीस. आजपर्यंत किती जनावरांच्या पोटात हात घातले त्याला गणती नाही, आणि माझं स्वतःचं उघडं पडलं तेव्हा मी गुंगीत आणि बघणारी तू. याचाही मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? तेव्हा बस आणि लिही. रंग कसा होता, दार केवढं उरलं होतं, डॉक्टरांनी काय कापलं आणि कुठे जोडलं. तू किती वेळ बघू शकलीस. जे जे दिसलं ते सगळं, आपल्या भाषेत. आणि मला बरं वाटावं म्हणून त्यातलं काहीही गाळू नकोस.

झुराकान